उभ्या वहिनींची कॉफी

उभ्या वहिनी मॅच बघताना कधी बसल्या नाहीत. कॉलेजच्या जिममध्ये बसायला पायऱ्या होत्या, त्यातल्या अर्ध्या रिकाम्या असायच्या, तरी त्या सगळ्यात खाली, कडेला जाऊन उभ्या राहायच्या. पिशवीतून सतरंजीचा तुकडा काढायच्या, त्याची चौकोनी घडी करून फरशीवर घालायच्या, चपला बाजूला ठेवायच्या आणि त्या घडीवर पाय रोवायच्या. एसीने फरशी गार पडते म्हणून ती सतरंजी. मग खेळ संपेपर्यंत त्या तिथून हलत नसत. मागून कोणी "आंटी, सिट डाऊन" असं ओरडलं की मागे न बघता अर्धा हात कडेला सरकायच्या, इतकंच. टीममधल्या मुली त्यांना स्टँडिंग आंटी म्हणायच्या. इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायकांनी त्याचं उभ्या वहिनी केलं, आणि तेच नाव राहिलं.

त्या उभ्या का राहिल्या हे समजायला आधी त्या स्पर्धेची पद्धत सांगायला हवी. इथल्या आठ कॉलेजांच्या मुलींची दर वर्षी बास्केटबॉलची स्पर्धा होते. खेळ सुरू व्हायच्या आधीच कोण पहिलं आणि कोण आठवं याची यादी लागते. पेपरात त्याला मानांकन म्हणतात, पोरी सीडिंग म्हणतात. मला ते पंगतीसारखं वाटतं. मानाचं पान कोणाचं आणि दाराशी कोणाला बसवायचं, हे जेवण वाढायच्या आधीच ठरलेलं. पहिल्याची मॅच आठव्याशी लागते. जो हरला तो त्याच दिवशी घरी. आणि ही यादी कशावरून करायची, तर गेल्या वर्षी याच स्पर्धेत कोणाचं काय झालं त्यावरून. आमचं कॉलेज सिलिकॉन ओएसिसमधलं, लहान आणि नवीन. पहिल्या वर्षी नवीन म्हणून त्यांना आठवं टाकलं, सगळ्यात मोठ्या कॉलेजशी गाठ पडली आणि पोरी हरल्या. हरल्या म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा आठव्या, पुन्हा तेच कॉलेज, आणि पुढे दर वर्षी तसंच. थंडीच्या महिन्यांत सगळ्या कॉलेजांची साखळी स्पर्धा असते, तिथे आमच्या पोरी जिंकायच्या. पण ते सामने लांबच्या मैदानांवर, भर दुपारी, आणि यादी करताना कोणी ते धरायचंच नाही.

यादी जाहीर करायचा एक छोटासा कार्यक्रम असतो. एका वर्षी वहिनी त्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. प्रत्येक कॉलेजच्या पालकांसाठी खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर कॉलेजच्या नावाच्या चिठ्ठ्या. आमच्या कॉलेजची चिठ्ठी कुठेच नव्हती. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही, विसरले असतील. वहिनी भिंतीला टेकून पूर्ण कार्यक्रम उभ्या राहिल्या आणि शेवटी यादीत आपलं नाव आठवं ऐकलं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "उभं ठेवलं ना आपल्याला? मग आता हक्काची जागा देईपर्यंत मी उभीच." नवस बोलावा तसं त्या ते बोलल्या. नवरा हसला. पण त्या कुडाळच्या. तिथे एकदा बोललेलं मागे घेत नाहीत, असं त्या स्वतःच सांगायच्या.

माझी त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी घरी पोळ्या करून देते. हे एका कंपनीची पिकअप चालवतात. आमचं गाव माणदेशातलं, चौथीपर्यंतची शाळा झाली आणि पुढे झाली नाही. लिफ्टमध्ये कोणी शिरलं की मी आकड्यांकडे बघत राहायची, बोलायला नको म्हणून. त्या दिवशी वहिनी शिरल्या, माझ्या सायलीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "हिची उंची वाया घालवतेस काय गो?" सायली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिने इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. वहिनींना त्यातलं कळायला हवं तेवढं कळलं, आणि पुढच्या आठवड्यात सायली टीमच्या सरावाला जायला लागली.

मला वाटायचं वहिनींची मुलगी टीममध्ये असेल. ती होती, पण आधी. शिकून ती कॅनडाला गेली तरी वहिनींचं जाणं थांबलं नाही. बिल्डिंगमधल्या एकीने त्यांना खोचकपणे विचारलं, की आता तिथे तुमचं कोण आहे? वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारा जणी आहेत." त्या बारांमध्ये एक आमची सायली. बाकीच्या केरळच्या, पाकिस्तानच्या, फिलिपाइन्सच्या, एक इजिप्तची. वहिनींना सगळ्यांच्या घरची माहिती. कोणाची आई नर्स आहे, कोणाच्या वडिलांची नोकरी गेली, कोणाला वांगं खाल्लं की खाज येते.

वहिनींचा एक हट्ट म्हणजे बोलावणं. मॅच असली की कॉलेजचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर यायचा. वहिनी त्याला बोलावणं मानायच्या नाहीत. "फोन वाजला म्हणून कोण जातं? दारात माणूस आला की जावं लागतं," असं म्हणून त्या दारोदार फिरायच्या, आणि मला सोबत न्यायच्या. त्या बेल वाजवायच्या आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहायची. लग्नाचं बोलावणं करावं तसं त्या दारात हळदीकुंकू लावून, अमुक वारी मॅच आहे, अवश्य यायचं, असं सांगायच्या. पुरुष माणूस दार उघडायला आला तर हळदीकुंकू पिशवीतच ठेवून नुसतं हात जोडायच्या. त्यांचे यजमान बांधकामाची छोटी कामं घ्यायचे, त्यांच्याकडे कोकणातली आणि आमच्याकडची पोरं कामाला होती. रात्रपाळी करून दुपारी मोकळी असलेली ती पोरं वहिनींनी खोलीवर जाऊन बोलावली. भर दुपारी, जिथे दुसऱ्या कॉलेजचं कोणी फिरकायचं नाही, तिथे आमच्या बाजूला साइटचे बूट घातलेली पोरं रांगेत बसलेली असायची. बास्केटबॉल त्यांना माहीत नव्हता. वहिनी टाळी देतील तेव्हा टाळी द्यायची, एवढं माहीत होतं.

ती टाळी आरतीची होती. वहिनींना दुसरी टाळी येतच नव्हती. सुरुवातीला संथ, मग हळूहळू चढत जाणारी. पोरी बॉल घेऊन पुढे निघाल्या की टाळी चढायची. केरळच्या, पण मराठी कळणाऱ्या सरांनी, म्हणजे टीमच्या कोचनी, एकदा सांगितलं की पोरी आता त्या टाळीवर पाय टाकतात, टाळी नसली की त्यांचा वेग चुकतो. साइटच्या पोरांपैकी एकाने समोरच्या टीमला शिवी दिली, तेव्हा वहिनींनी टाळी थांबवून त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. "त्या पण कोणाच्या तरी पोरी आहेत. आपल्याला त्यांना पाडायचं नाही, आपली जागा घ्यायची आहे." तो मुलगा पुढच्या मॅचला आला, तेव्हा समोरच्या टीमच्या चांगल्या बास्केटलाही टाळ्या देत होता. वहिनी म्हणाल्या, "इतकंही नको रे."

सायली दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. त्या वर्षीच्या साखळीत पोरी अशा खेळल्या की आजवर कोणाकडून न हरलेल्या टीमही हरल्या. सगळ्यांना वाटायला लागलं, या वर्षी तरी आठवं कोण टाकेल? सरांनी स्पर्धेच्या समितीला ईमेल केले. उत्तर आलं की नियम आहे तसा आहे. पालक व्हॉट्सअॅपवर चिडले, कोणी म्हणालं हा अन्याय आहे, कोणी म्हणालं मोठ्या कॉलेजचीच समिती आहे. वहिनींना तो गोंधळ आवडला नाही. मला म्हणाल्या, "त्यांच्यातल्या एकाने तरी आपली मॅच बघितली आहे का? नाही. का नाही? आपण बोलावलंच नाही." मी म्हटलं, सरांनी ईमेल केलाय ना. त्यांनी माझ्याकडे नुसती एक नजर टाकली.

समितीच्या एक मॅडम होत्या, लेबनॉनच्या, त्यांचं ऑफिस सिलिकॉन ओएसिसमध्येच. वहिनींनी नवीन साडी नेसली. पिशवीत नारळ, खण, तांदूळ आणि कुंकवाची डबी घेतली. मला ओल्या नारळाच्या करंज्या करायला सांगितल्या. बाईमाणसाला बोलवायला जायचं तर ओटी भरायची, आणि कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, यात आम्हा दोघींनाही विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. मॅडमनी आम्हाला आत घेतलं. वहिनींनी आपल्या हिंदीत आणि थोड्या इंग्रजीत सांगितलं की शेवटची मॅच आहे, तुम्ही बघायला या. मॅडम भल्या होत्या. काय चाललंय ते कळलं नाही तरी, वहिनींनी खूण केल्यावर, पदर नव्हता म्हणून त्यांनी स्कार्फ पुढे केला, आणि वहिनींनी त्यात ओटी भरली. करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरची त्यांची मदतनीस मुलगी आमच्याकडे बघत होती. तिने विचारलं, हे गिफ्ट आहे का? वहिनी हसून म्हणाल्या, "गिफ्ट नहीं, बुलावा है."

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. समितीकडे लेखी नोंद झाली होती की अमुक कॉलेजच्या पालकांनी यादी लागण्याच्या तोंडावर समितीच्या सदस्याला भेटवस्तू दिल्या. स्पर्धेच्या नियमात ते बसत नाही. चौकशी होणार, आणि कदाचित टीमला या वर्षी खेळताच येणार नाही. आठवं राहिलं बाजूला, आता पंगतीतूनच उठवणार होते.

सायली माझ्याशी बोलेना. आठवडाभर फक्त एकच वाक्य बोलली, "मम्मा, इट्स कॉल्ड अ ब्राइब." अर्थ मी यांना विचारला. यांनी सांगितला तेव्हा मला पोळी लाटवेना. मी वहिनींकडे गेले. वाटलं होतं, त्या रडत असतील. त्या चष्मा लावून आपल्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या, समितीसमोर बोलायला परवानगी मागायचं इंग्रजी पत्र तिच्याकडून लिहून घेत होत्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "माझ्या हाताने झालंय, तर माझ्या तोंडाने निस्तरायला हवं. तू करंज्या केल्यास, तू पण चल." मी म्हटलं, मला बोलता येणार नाही. "बोलायला मी आहे. तू नुसती दिसायला हवीस."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. त्याच्या एका बाजूला समितीचे तिघे. मॅडम, एक सूट घातलेले गृहस्थ, आणि मधोमध कंदुऱ्यातले, म्हणजे पांढऱ्या पायघोळ झग्यातले, एक म्हातारे इमाराती, हातात जपमाळ. ते समितीचे प्रमुख. टेबलावर पारदर्शक पिशव्यांमध्ये आमची ओटी मांडून ठेवली होती. नारळ एका पिशवीत, खण एका पिशवीत, तांदूळ एका पिशवीत, सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. चौथ्या पिशवीत करंज्यांचा डबा. वहिनींनी आधी तो बघितला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "खायच्या होत्या गो त्या. खराब केल्या."

सरांनी आम्हाला बजावलं होतं की फक्त माफी मागा, जास्त बोलू नका. आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बसले. वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. एक माणूस दल्ल्यातून, म्हणजे त्यांच्या लांब चोचीच्या किटलीतून, छोट्या कपांत अरबी कॉफी देत गेला. मी घाबरून एका घोटात संपवली. वहिनींनी कप घेतला, टेबलावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी माफी मागितली, पण त्यांच्या पद्धतीने. नियम माहीत नव्हता, ही चूक झाली. चूक माझी आहे, पोरींची नाही, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दंड करायचा तर मला करा, यापुढे मॅचला येऊ नको म्हणालात तर येणार नाही. पण मी काही मागायला गेले नव्हते, बोलवायला गेले होते. आमच्याकडे बोलवायला मोकळ्या हाताने जात नाहीत. सर त्याचं इंग्रजी करत होते आणि मधूनच त्यांच्याकडे आवरा असं बघत होते.

सूटवाल्या गृहस्थांनी काही नियम वाचून दाखवले. मॅडम म्हणाल्या की मला त्या वेळीही ते लाच वाटलं नव्हतं, पण नोंद झाल्यावर माझा इलाज नव्हता. म्हाताऱ्यांची नजर वहिनींच्या कपावर होती. सर वहिनींना डोळ्यांनी खुणावत होते, कॉफी घ्या, उद्धटपणा दिसतो. वहिनी घेईनात. शेवटी म्हाताऱ्यांनी जपमाळ खाली ठेवली आणि स्वच्छ हिंदीत विचारलं, "बहन, कॉफी क्यों छोड़ी? क्या माँगना है?"

वहिनी गोंधळल्या. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की उभ्याने काही खायचं-प्यायचं नसतं. लहानपणापासूनची शिस्त. बसायचं नाही हे ठरलेलं, मग प्यायचं कसं? पण म्हाताऱ्यांच्या लोकांत वेगळीच रीत होती. मॅडमनी ती आम्हाला समजावून सांगितली. त्यांच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला, तर त्याचं काहीतरी मागणं आहे असं समजतात. ते मागणं काय ते ऐकल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही, आणि शक्य असेल तर नाही म्हणता येत नाही.

सरांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना वाटलं, आता या चौथी जागा मागणार, नाहीतर तिसरीच मागणार, आणि म्हातारे शब्दात अडकले आहेत. मलाही तेच वाटलं. मागितली असती तर कोणी दोष दिला नसता. वहिनींनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"आप आइए और देखिए," त्या म्हणाल्या.

"और?"

"और कुछ नहीं. जागा तुम्ही ठरवा. पण बघून ठरवा." शेवटचं मराठीतच बोलल्या, आणि सरांनी ते हळू आवाजात सांगितलं.

म्हाताऱ्यांनी जपमाळ पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले की पोरींना खेळू द्या, ताकीद नोंदवा आणि हे सामान यांना परत द्या. या वर्षीची यादी नियमाने आठवीच लागेल, तो नियम मला एकट्याला बदलता येत नाही. पण मी येईन. मग कपाकडे बोट करून हसले, आता तरी घ्या म्हणाले. वहिनींनी हात जोडले. "वो बाद में. बैठूँगी तब." बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा करंज्यांचा डबा उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा मला कळलं की आत त्या किती घाबरल्या होत्या.

म्हातारे खरंच आले. साखळीच्या शेवटच्या मॅचला आले आणि स्पर्धेच्या पहिल्या मॅचलाही आले. ती मॅच, ठरल्याप्रमाणे, सगळ्यात मोठ्या कॉलेजशी. त्यांच्या बाजूला ढोल, झेंडे, पूर्ण हॉल. आमच्या बाजूला साइटची पोरं, बिल्डिंगमधल्या बायका, आणि कडेला सतरंजीवर वहिनी. तोपर्यंत त्यांचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. मी म्हटलं, आज बसा, कोणी बघत नाही. "मी बघते आहे ना," त्या म्हणाल्या.

पोरी शेवटच्या क्षणापर्यंत बरोबरीने खेळल्या. आरतीची टाळी इतकी चढली की समोरचे ढोल थांबून ऐकायला लागले. म्हाताऱ्यांची जपमाळ केव्हाच खिशात गेली होती. शेवटचा बॉल सायलीच्या हातात आला. तिने टाकलेला बॉल रिंगच्या काठावर फिरला, थांबल्यासारखा झाला, आणि बाहेर पडला. एका बास्केटने हरलो. सायली तिथेच खाली बसून रडायला लागली. मी जागची हलले नाही. वहिनी लंगडत आत गेल्या, तिला दंडाला धरून उठवलं आणि इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. "आज हरलो हे खरं. आठवे होतो हे खोटं. रड, पण उभी राहून रड."

त्या वाक्यानंतर सायली माझ्याशी बोलायला लागली. का ते मला नीट सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात वहिनींच्या यजमानांचं काम बंद झालं. मोठ्या कंपनीने कामं देणं थांबवलं, मग व्हिसा, मग भाड्याचं घर, एकामागून एक सगळं गेलं. त्याबद्दल त्या कोणाजवळ रडल्या नाहीत. फ्रिज एकीला दिला, पडदे एकीला, साइटच्या पोरांना सगळी भांडी. मला सतरंजीचा तो तुकडा दिला. मी म्हटलं, हा तुम्हीच न्या, आठवण म्हणून. त्यांनी तो माझ्या काखेत कोंबला. "आठवण काढायला नाही देत तुला. पाय गार पडतात तिथे." कुडाळला जाऊन गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. एअरपोर्टवर येऊ नको म्हणाल्या. लिफ्टचं दार एका हाताने अडवून, सामान आत ढकलून, माझ्याकडे वळल्या. म्हाताऱ्यांनी साखळीचा निकाल धरायचं कबूल केलंय, असं सर सांगत होते, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं. "पोरी तिसऱ्या येणार बघ या वर्षी. तिसरी जागा आपली. त्याच्या खाली घेऊ नकोस." जसं काही मीच घेणार होते. मग "येते" म्हणाल्या आणि दार सोडलं.

थंडी सुरू झाली, साखळी सुरू झाली, आणि पहिल्या मॅचचा मेसेज फोनवर आला. मी तो बघितला आणि पोळ्या लाटत राहिले. पण संध्याकाळी हात धुतले, कुंकवाची डबी घेतली आणि शेजारच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. बेलवर बोट ठेवायला मला बराच वेळ लागला. दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या मागे बघितलं, वहिनी कुठे आहेत म्हणून. मग त्यांना आठवलं. त्यांनी कपाळ पुढे केलं. पुढच्या दारी तितका वेळ लागला नाही. साइटच्या पोरांच्या खोलीवर मी सायलीला सोबत नेलं. त्यांनी मला विचारलं, टाळी कोण देणार? सायली म्हणाली, "मम्मा देईल." मराठीत म्हणाली.

साखळीत पोरी तिसऱ्या आल्या. वहिनी म्हणाल्या होत्या तशाच.

यादी जाहीर करायच्या कार्यक्रमाला या वर्षी मी गेले. सर होते, पण ते पुढे कोचांच्या रांगेत बसले होते. पालकांच्या खुर्च्यांत आमच्या कॉलेजच्या नावाची चिठ्ठी होती, चांगली ठळक. मी त्या खुर्चीपाशी गेले, खाली सतरंजीचा तुकडा घातला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभी राहिले. शेजारच्या बाईंनी खुणेने बसा म्हटलं. मी मान हलवली. नावं वाचायला सुरुवात झाली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसरं दुसऱ्या कॉलेजचं नाव होतं, साखळीत आम्ही ज्यांना हरवलं होतं त्यांचं. मग चौथं म्हणून आमचं नाव आलं. लोकांनी टाळ्या दिल्या. आठव्यावरून चौथं, मोठीच गोष्ट होती, सरांनी मागे वळून मला अंगठा दाखवला. नंतर कळलं की साखळीचा निकाल अर्धाच धरला होता, उरलेला अर्धा जुना नियम तसाच होता.

मग कॉफीचा माणूस फिरत आला. मी कप घेतला. पुढे टेबल होतं, त्यावर तो ठेवला. थोडी कॉफी टेबलावर सांडली. कंदुऱ्यातले म्हातारे सगळ्यांना भेटत भेटत आमच्या रांगेपर्यंत आले. मला त्यांनी ओळखलं नसावं. मागच्या वेळी मी एक शब्दही बोलले नव्हते. पण त्यांनी भरलेला कप बघितला, मग माझ्या पायांखालची सतरंजी बघितली, आणि थांबले. वो खड़ी बहन कहाँ है, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गाव गयी. त्यांनी कपाकडे बघून भुवया वर केल्या.

"तीसरा हमारा था," मी म्हटलं. "फिर से आइए. देखिए."

ते हसले नाहीत. मान हलवली आणि म्हणाले, "इन्शाल्ला. आऊँगा." मग पुढे गेले.

बाहेर येऊन मी वहिनींना फोन लावला. कुडाळला तेव्हा दुपार सरत आली असेल. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, तरी त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. मी चौथी जागा म्हणून सांगितलं. पलीकडे कोंबडा ओरडत होता.

"तिसरी आपली होती," त्या म्हणाल्या.

"हो. मी त्यांना सांगितलं तसं."

"तू सांगितलंस? कोणाला?"

"आजोबांना. कॉफी आली होती. मी घेतली नाही."

कोंबडा पुन्हा ओरडला.

"उभी होतीस?"

"उभीच होते."

"डॉक्टर रोज ओरडतो माझ्यावर, बसा म्हणून," वहिनी म्हणाल्या. "मग मी बसते आता जरा."

आणि खुर्ची ओढल्याचा आवाज मला फोनमध्ये स्पष्ट ऐकू आला.